ऑल्टर रोड आणि चिकोडीचे खासदार

डेट्रॉईटजवळच्या नोव्हायला मावसभावाकडे उतरलो आणि पहिल्याच शनिवारी त्याच्या घरी पंचवीसेक मराठी मंडळी जेवायला जमली. श्रीखंड-पुरी, मसालेभात, मागच्या अंगणात बार्बेक्यूवर पनीर. मी मूळचा निपाणीचा हे कळल्यावर श्री ठाणेदारांचं नाव निघणार हे ठरलेलंच होतं. चिकोडीत जन्म, बेळगावात बालपण, मुंबई विद्यापीठाची एमएस्सी, १९७९ साली अमेरिका, रसायनशास्त्रात पीएचडी, मग धंदा, आणि २०२३च्या जानेवारीपासून थेट अमेरिकी काँग्रेसमध्ये. निपाणी-चिकोडी अंतर ते काय! माझीही छाती जरा फुगलीच.

मी सहज विचारलं, "मग तुमच्यापैकी मत कोणी कोणी दिलं त्यांना?"

कोणीच नाही. नोव्हाय, ट्रॉय, फार्मिंग्टन हिल्स, कँटन. मराठी माणूस राहतो ती सगळी गावं दुसऱ्या कुणाच्या तरी मतदारसंघात. ठाणेदारांचा तो मिशिगनचा तेरावा, म्हणजे डेट्रॉईट. "कसा आहे तो भाग?" या प्रश्नावर "गेम असली की जातो ना डाउनटाउनला" एवढंच उत्तर. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिकडे काय बघणार? शिकागोला जाऊन या." शिकागो झालं, नायगाराही झाला. दोन्हीकडे मरणाची गर्दी आणि पार्किंगचे दर ऐकून पोटात गोळा. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

मला तेरावा मतदारसंघच बघायचा होता. सीमाभागातल्या माणसाला नकाशावरच्या रेघांचं जरा जास्तच वेड असतं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचं गाव एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेलं, हे ऐकतच आम्ही मोठे झालो. दादा कुरकुरला, पण रविवारी गाडी काढली त्यानेच.

निघण्याआधी फोनवर नकाशा पाहिला. डेट्रॉईट शहराचा मोठा भाग, त्याच्या पोटातली हायलंड पार्क आणि हॅमट्रॅमिक ही दोन स्वतंत्र गावं, पूर्वेला तळ्याकाठची श्रीमंत ग्रोस पॉइंट, आणि दक्षिणेला नदीकाठी कारखान्यांच्या कामगारांची वस्ती, जिला इथे सरसकट डाउनरिव्हर म्हणतात. ही मोट बांधली कशाला? हिशेब सोपा आहे. १९५० साली डेट्रॉईटची लोकसंख्या साडेअठरा लाख होती, २०२०च्या जनगणनेत ६,३९,१११ उरली. मिशिगनच्या काँग्रेसमधल्या जागा साठच्या दशकात १९ होत्या, आता १३. एका जागेला सुमारे पावणेआठ लाख माणसं लागतात. म्हणजे अख्खं डेट्रॉईट घेतलं तरी एक खासदार भरत नाही. तरीही शहराचे दोन तुकडे करून पश्चिमेचा काही भाग बाराव्यात घातलाय आणि दोन्ही तुकड्यांना उपनगरं जोडलीत. हे काम २०१८च्या जनमतानंतर नेमलेल्या १३ नागरिकांच्या स्वतंत्र आयोगाने केलं. पुढाऱ्यांच्या हातून पेन्सिल काढून घेतली हे उत्तमच. पण नव्या तेराव्यात काळ्या मतदारांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं, आणि त्यावरून शहरात पुष्कळ रान उठलं.

पहिला थांबा हॅमट्रॅमिक. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं गाव. एकेकाळी पूर्ण पोलिश, आता बांगलादेशी आणि येमेनी. पोलिश चर्चचे मनोरे अजून उभे आहेत आणि खाली कोनंट रस्त्यावर हिलसा मासा मिळतो. दादा पंधरा वर्षं मिशिगनमध्ये राहून इथे कधी आला नव्हता, आणि आल्यावर तीन प्लेट सिंगाडे, म्हणजे बंगाली सामोसे, एकट्याने खाल्ले. मतदान कायद्यानुसार इथल्या मतपत्रिका बंगालीतही छापाव्या लागतात. आमच्याकडे मराठीत सातबारा मिळावा म्हणून काय काय करावं लागतं ते आठवून मी गप्प बसलो. २०२१मध्ये निवडून आलेली इथली संपूर्ण नगर परिषद मुस्लिम होती. २०२०मध्ये बायडन यांना इथे सुमारे ८५ टक्के मतं होती. २०२४मध्ये गाझाचा राग उसळला, महापौरांनी ट्रम्प यांना पाठिंबा दिला आणि हॅरिस ४६ टक्क्यांच्या आसपास अडकल्या. "सेफ सीट" असा शिक्का बसलेल्या मतदारसंघाच्या पोटात हे घडतं.

हायलंड पार्कमध्ये उतरलो नाही, नुसते फिरलो. १९१३मध्ये फोर्डने चालती असेंब्ली लाइन पहिल्यांदा सुरू केली ती इथे. आणि २०११मध्ये बिल थकलं म्हणून वीज कंपनीने रस्त्यावरचे हजाराहून जास्त दिवे खांबांसकट उपटून नेले, तेही इथेच.

मग जेफर्सन रस्त्याने पूर्वेला निघालो, आणि ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो भाग आला.

कर्चेव्हल नावाचा एक रस्ता शहरातून पूर्वेकडे जातो आणि ऑल्टर रोड ओलांडला की ग्रोस पॉइंट पार्क हे गाव सुरू होतं. ओलांडला की म्हणजे अक्षरशः वीस पावलांत. अलीकडे गवताचे मोकळे प्लॉट, मधूनच एखादं घर, त्याच्या दोन्ही बाजूंची घरं कधीच पाडलेली. पलीकडे फुलांच्या कुंड्या, कॉफीची दुकानं, फुटपाथवर टेबलं टाकून बसलेली कुटुंबं. मी गाडी थांबवायला लावली आणि उतरून रस्ता तीन-चारदा ओलांडला. दादा गाडीतून ओरडत होता, "अरे, लोक बघतायत!"

२०१४मध्ये पार्कवाल्यांनी याच नाक्यावर, भर रस्त्यात, शेतकरी बाजाराच्या शेड उभ्या केल्या होत्या. डेट्रॉईटकडून येणारी गाडी सरळ आत जाऊच शकणार नाही अशा. बोंबाबोंब झाली. शेवटी डेट्रॉईटने आपल्या बाजूच्या पडीक इमारती पाडायच्या आणि यांनी शेड काढायच्या असा तह झाला. त्याआधीचा इतिहास याहून भारी. १९६०पर्यंत ग्रोस पॉइंटमध्ये घर घ्यायचं तर घरांचे दलाल खासगी हेरांकडून गिऱ्हाइकाची चौकशी करवून गुण देत. वर्ण किती सावळा, उच्चार कसे, राहणी किती "अमेरिकन". पोलिश माणसाला पास व्हायला ५५ गुण, इटालियनला ६५, ज्यूला ८५. काळे आणि आशियाई? त्यांची परीक्षाच नाही. स्थळं बघताना आपल्याकडची मंडळी करतात तेच, फक्त टाइप केलेल्या फॉर्मवर.

ऑल्टरच्या अलीकडे एक म्हातारेबुवा गवत कापत होते. घर एक आणि गवत दोन प्लॉटचं. मी उगाच बोलायला गेलो. शेजारचा प्लॉट त्यांनी लँड बँकेकडून, म्हणजे शहरातल्या ओसाड जागा विकणाऱ्या सरकारी संस्थेकडून, शंभर डॉलरला घेतलेला, पण त्याच्या पुढचाही तेच कापतात, "नाहीतर कोण कापणार?" यंत्र बंद करून त्यांनी विचारलं, कुठले? इंडिया म्हटल्यावर हसले. "म्हणजे आमच्या खासदारांच्या गावचे." मी म्हटलं, अगदी जवळचा. त्यांना गंमत वाटली.

मी मतदारसंघाचं विचारलं तर त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. ते याच घरात, पण नंबर बदलत गेला. आधी तेरावा. २०१२च्या निवडणुकीपासून चौदावा. त्या नकाशात हे तळ्याकाठचं टोक पार ओकलंड काउंटीतल्या पाँटिअ‍ॅकपर्यंत जोडलेलं. २०२२मध्ये पुन्हा तेरावा. दर वेळी नवीन नाव, नवीन पत्रकं. "मी हललो नाही," असं म्हणून त्यांनी यंत्राची दोरी ओढली. ती दुसऱ्या झटक्याला लागली आणि गप्पा संपल्या.

तिथून तळं बघायला गेलो. सेंट क्लेअर तळं, समुद्रासारखं पसरलेलं. काठावर एक सुंदर सार्वजनिक उद्यान आणि दारात पहारेकरी. पास? कसला पास? इथल्या रहिवाशांचा. नसेल तर आत नाही. पोरगा अतिशय नम्र होता, आणि त्यामुळेच जास्त राग आला. त्यांच्या करातून बाग चालते, मान्य. पण मघाचे म्हातारेबुवा गाडीने पाच मिनिटांवर राहतात, यांचाच खासदार त्यांचा खासदार, आणि या पाण्यात पाय बुडवायला त्यांनाही पास नाही! दादा म्हणाला, "तू फार मनाला लावून घेतोस. आमच्या सोसायटीच्या पूललाही बाहेरचे चालत नाहीत." यावर मी बोललो नाही, कारण रात्री त्याच्याच घरी जेवायचं होतं.

शाळांचंही तेच. शहर आणि उपनगरांतल्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठी बस हद्दीपलीकडे नेता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये सांगितलं, आणि तो खटला डेट्रॉईटचाच होता. ग्रोस पॉइंटच्या हायस्कुलात मार्च १९६८मध्ये मार्टिन ल्यूथर किंग बोलायला आले तेव्हा श्रोत्यांतून हुर्यो झाली. तीन आठवड्यांनी त्यांचा खून झाला. आज ही दोन्ही गावं एका मतपेटीत आहेत, आणि ती फक्त मतपेटीतच एकत्र आहेत.

मतांचा इतिहास वाचला तर ठाणेदारांचं निवडून येणं दोन्हीकडून कळतं. १९५५पासून चार्ल्स डिग्ज हे काळे नेते इथले खासदार होते, क्रमांकही तेराच. त्याच वर्षी ते एमेट टिल या काळ्या मुलाच्या खुनाचा खटला ऐकायला मिसिसिपीला गेले, तर खासदार असूनही त्यांना काळ्या पत्रकारांच्या टेबलावर बसवलं गेलं. पुढे त्यांनाही गैरव्यवहारात शिक्षा झाली. १९६५ ते २०१७ जॉन कॉन्यर्स, तेही काळेच, शहरातून निवडून येत राहिले. बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स त्यांच्या कार्यालयात वीसहून जास्त वर्षं नोकरीला होत्या. लैंगिक छळाच्या आरोपांवरून त्यांनी राजीनामा दिला आणि २०१८मध्ये एक भन्नाट प्रकार घडला. उरलेल्या काही आठवड्यांसाठी एक प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक), पुढच्या दोन वर्षांसाठी दुसरी, दोन्ही एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर. पहिली ब्रेंडा जोन्स जिंकल्या, दुसरी रशिदा तलैब. जोन्स पाचेक आठवडे खासदार राहिल्या.

२०२२मध्ये तलैब बाराव्यात गेल्या आणि नव्या तेराव्यात डेमोक्रॅटिक प्रायमरीला नऊ उमेदवार उभे राहिले. ठाणेदारांनी स्वतःच्या खिशातले कोट्यवधी रुपये ओतले आणि २८ टक्के मतांवर जिंकले. नोव्हेंबरची निवडणूक इथे उपचारापुरती. ७१ टक्के मिळाली. आणि १९५५नंतर पहिल्यांदा डेट्रॉईटला काँग्रेसमध्ये काळा प्रतिनिधी उरला नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर हे कोणाला ठाऊक नव्हतं. या जागेवर आपल्या उपखंडाचं रक्त असलेले ठाणेदार पहिले नव्हेत, हेही नव्हतं: २०११ ते २०१३ हॅन्सन क्लार्क होते, आई काळी आणि वडील आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचे.

डाउनरिव्हर संध्याकाळी उरकलं. लिंकन पार्क, वायनडॉट. पोलादाचा वास, नदीकाठी बाकं, मासे पकडणारे लोक. पास नाही, दादा खूश.

जेवताना वहिनींनी विचारलं, "२०३०च्या जनगणनेनंतर पुन्हा रेघा मारतील ना?" मारतील. डेट्रॉईटची लोकसंख्या २०२३च्या अंदाजात किंचित का होईना, कित्येक दशकांनी वाढली आहे, तरी शहर अजून एका जागेला कमीच पडेल आणि रेघ कुठे तरी बाहेर सरकेल. "म्हणजे आपण तेराव्यात येऊ शकतो?" दादाने घास तसाच ठेवून विचारलं, आणि घराच्या किमतीवर त्याचा काय परिणाम होईल यावर ते दोघं बराच वेळ बोलत बसले.