६ जानेवारीला कोण कोण येतं

नाताळच्या उपासनेला आमच्या मंडळीत पाय ठेवायला जागा नसते आणि ६ जानेवारीला, प्रगटीकरणाच्या सणाला (मागी लोक बाळ येशूला भेटले त्याची आठवण), मात्र बाकडी मोजून घ्या, हे मी दरवर्षी बोलते आणि घरचे दरवर्षी हसतात. अहो, आर्मेनियन मंडळी तर जन्माचा सणच ६ ला करते, ऑर्थोडॉक्स लोक ह्या सणाला येशूच्या बाप्तिस्म्याची आठवण करतात, म्हणजे प्रगटीकरणाचा सण काही नाताळची शेपटी नाही. पण सुट्टी संपली की संपलं!

वीसेक वर्षं ह्या सणाचा कार्यक्रम मीच बसवतेय, त्यामुळे थोडं बोलायचा हक्क आहे मला. प्रार्थना, स्वागत, अहवाल, सेक्रेटरींचे दोन शब्द (जे कधीच दोन नसतात) हे सगळं सोडून देते. मग मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वाचतात आणि मागच्या दारातून मागी लोक, म्हणजे तारा बघून पूर्वेकडून आलेले ज्ञानी, निघतात. आता ते तीनच होते असं मत्तयने कुठेच लिहिलेलं नाही, भेटी तीन म्हणून माणसं तीन, राजे म्हणणं आणि कास्पर, मेल्किओर, बल्थाझार ही नावं पण नंतरचीच. एका वर्षी मुलं जास्त झाली म्हणून मी सात मागी काढले तर केवढी कुरकुर! आणि ‘घरात गेल्यावर’ असं स्वच्छ लिहिलेलं असूनही आमचे मागी गोठ्यातच जातात, कारण नाताळचा गोठा मोडायला तोपर्यंत कोणाला वेळ झालेला नसतो.

मुलांचं झालं की तीन मोठी माणसं तीन भेटी घेऊन येतात आणि आज ह्याचा अर्थ काय ते पाच मिनिटांत सांगतात. सोनं सगळ्यांना हवं असतं, आणि ते भाषण हमखास वर्गणीवर जातं. ऊद म्हणजे प्रार्थना, तेही बरं होतं. गंधरस कोणालाच नको. एका वर्षी एक रिटायर्ड नर्सबाई म्हणाल्या, द्या मला, आणि पुढे कित्येक वर्षं तो त्यांचाच राहिला. रुमालात खरा गंधरस बांधून आणायच्या, लालसर तपकिरी खडे. झाडाच्या सालीला चीर दिली की जो डिंक पाझरतो ना, तोच वाळून हा होतो, म्हणायच्या, आणि खडा पहिल्या बाकावर फिरवायला द्यायच्या. एकदा एका पोराने जीभ लावली आणि ‘ईऽऽ कडू!’ म्हणून ओरडला, सगळे हसले. त्या हसू द्यायच्या आणि मग विचारायच्या, बाळ बघायला जाताना कोणी असलं काही नेतं का? येशूला मानणाऱ्या निकदेमाने त्याला पुरताना गंधरस आणि अगरूच आणलं होतं, सुमारे शंभर रत्तल. मी बाळंतिणीच्या खाटेपाशीही उभी राहिलेय आणि शेवटच्या खाटेपाशीही, म्हणायच्या, हा वास दोन्हीकडे चालतो. एवढंच बोलून खाली बसायच्या. दरवर्षी तेच भाषण आणि दरवर्षी माझे डोळे भरायचे.

अलीकडे तरुण संघातला एक मुलगा शास्त्र्यांवर बोलतो. ख्रिस्त कुठे जन्मणार, असं हेरोद राजाने विचारल्याबरोबर त्यांनी मीखा संदेष्ट्याचं वचन काढून दाखवलं, बेथलेहेम! यरुशलेमहून जेमतेम ९ किलोमीटर. पत्ता ह्यांना पाठ, आणि गेले कोण तर लांबून आलेले परके. ह्या वाक्याला मी मुद्दाम रिकाम्या बाकड्यांकडे बघते.

आता आभार, कारण नंतर फोन येतात. पेटीवाले काका, झगे शिवणाऱ्या दोन्ही काकू (धाकटीचं नाव गेल्या वेळी राहिलं, अजून बोलत नाहीत), शाली देणाऱ्या पाळकीणबाई, लाइटवाला दादा, मुकुटांना सोनेरी कागद लावणाऱ्या ताई, त्यांना धरून बसवणारी त्यांची बहीण, शेवटी खुर्च्या रचणारी चार मुलं. चारच होती, पाचवा म्हणतो तो पण होता, बरं, पाच.

आणि वॉचमनदादा. ते आमच्या मंडळीतले नाहीत, पण मागींच्या पुढे चालणारा कार्यक्रमातला तारा तेच दोरीने ओढतात, दारापाशी उभं राहून, वर बांधलेल्या तारेवरून वेदीपर्यंत, कारण तो कुठे अडकतो ते तिथूनच दिसतं. एका वर्षी ते गावी गेले होते आणि तारा नेमका हेरोदाच्या डोक्यावर अडकला, कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच. दोरी झिजलीय, बदला, असं त्यांनी मला दिवाळीतच सांगून ठेवलंय.