नवी गाडी आणि खांद्यावरचे दांडे

बायबलमधील इस्राएलचा राजा दावीद देवाच्या कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, नव्या बैलगाडीवर ठेवून यरुशलेमेत आणायला निघाला तेव्हा त्याच्या उत्साहात काहीच उणे नव्हते. वीणा, डफ आणि झांजा वाजत होत्या आणि सर्व इस्राएल त्याच्यासोबत आनंद करीत होते. तरीही बैल अडखळले, गाडी हाकणाऱ्या उज्जाने कोश सावरण्यासाठी हात लावला आणि तो जागीच मरण पावला. हा प्रसंग वाचून अनेकांना देव कठोर वाटतो, पण माझे लक्ष नेहमी त्या नव्या गाडीकडे जाते. कोश गाडीवरून पाठवण्याची रीत इस्राएलच्या शत्रूंची, म्हणजे पलिष्ट्यांची होती; बायबलमधील गणना या पुस्तकाच्या 4 थ्या व 7 व्या अध्यायांनुसार पवित्र सेवेसाठी नेमलेल्या लेवी वंशातील कहाथाच्या वंशजांनी पवित्र वस्तू खांद्यावरच वाहायच्या होत्या, त्यांना स्पर्श करायचा नव्हता, आणि म्हणूनच मोशेने त्यांना गाड्या दिल्या नव्हत्या. तीन महिन्यांनंतर दावीदाने ही चूक उघडपणे मान्य केली आणि कोश दांड्यांनी वाहण्यासाठी लेव्यांच्या खांद्यांवर दिला.

आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांत उपासनेची आखणी करताना लोकांना काय आवडेल हाच प्रश्न आधी विचारला जातो, याचे मला मनापासून दुःख वाटते. गीते नवी असावीत की जुनी, हा माझ्या मते दुय्यम विषय आहे. वाद्ये तर दावीदाने दुसऱ्या वेळीही ठेवली होती. बदलली ती कोश वाहण्याची पद्धत, कारण तिच्याविषयी देव आधीच बोलला होता.