तुटक वेळेतली कताई आणि एक जाळीदार शाल

स्वतः कातलेल्या लोकरीची जाळीदार शाल विणायचे मी ठरवले, तेव्हा घरातल्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, की वेळ कुठून काढणार. बँकेतली नोकरी, दहावीतला मुलगा, सासऱ्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे व्यायाम आणि मार्चअखेरचे हिशेब एवढे सगळे समोर असताना तो प्रश्न रास्तच होता. परंतु काम हाती घेतल्यावर माझ्या असे ध्यानात आले की दिवसभरात वेळ मिळत होता, मात्र तो तुकड्यातुकड्यांनी मिळत होता, आणि कताई व जाळीचे विणकाम या दोन्ही गोष्टींना नेमके सातत्य लागते. सहा महिन्यांपूर्वी कातलेले सूत आणि आज कातलेले सूत एकाच शालीत शेजारी येणार असेल, तर दोन्हींची जाडी आणि पीळ सारखा राहायला हवा. हा सारखेपणा तुटक वेळेत कसा राखायचा, हेच माझ्या पुढच्या सगळ्या खटाटोपाचे सूत्र ठरले.

टकळी, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायची छोटी चाती, मला आईकडून मिळाली. तिचे शालेय शिक्षण वर्धा जिल्ह्यात झाले. १९३७ साली वर्ध्याला मांडल्या गेलेल्या शिक्षण योजनेत हस्तोद्योगाला जे स्थान मिळाले, त्याचा ठसा पुढे कितीतरी वर्षे शाळांवर राहिला, आणि आईच्या वर्गात मूलोद्योगाच्या, म्हणजे हस्तोद्योगाच्या, तासाला प्रत्येकाच्या हाती टकळी आणि पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, असे. त्यामुळे सूत ओढणाऱ्या हाताची ढब, पीळ पुढे सरकू न देणारी चिमूट आणि तुटलेला धागा सांधण्याची रीत मला तिच्याकडून सहज शिकता आली. लोकरीचा स्वभाव मात्र कापसापेक्षा वेगळा आहे. कापसाचा तंतू साधारण तीन सेंटिमीटरच्या आत असतो, तर मी आणलेल्या मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीचा तंतू सात-आठ सेंटिमीटर लांब होता. दोन हातांमधले अंतर तंतूच्या लांबीपेक्षा कमी राहिले तर लोकर पुढे सरकतच नाही, कारण एकच तंतू दोन्ही चिमटींत अडकून बसतो. आईच्या हाताला जे अंतर जन्मभराच्या सवयीचे होते, ते लोकरीसाठी वाढवावे लागले, आणि वाटीत टेकवून फिरवायच्या धातूच्या टकळीऐवजी हवेत लोंबत फिरणारी हलकी लाकडी टकळी मला अधिक सोयीची वाटली.

लोकरीच्या निवडीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. आपल्याकडची दख्खनी मेंढीची लोकर मला मनापासून आवडते. धनगरांच्या कळपांतली ही लोकर जाडीभरडी आणि चिवट असते, तिचे घोंगडे पाऊस, वारा आणि जमिनीची ओल सारे सोसते, आणि त्या कामाला तिच्याइतकी योग्य लोकर दुसरी नाही. जाळीच्या विणकामाला मात्र मऊ, बारीक आणि ताणून सोडल्यावर पुन्हा आक्रसणारा तंतू लागतो. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर एकोणिसाव्या शतकात ज्या जाळीदार शाली प्रसिद्ध झाल्या, त्यांच्यासाठी तिथल्या स्त्रिया मेंढीच्या मानेकडची सर्वांत बारीक लोकर हाताने उपटून घेत आणि इतके तलम सूत कातत की अख्खी शाल बोटातल्या अंगठीतून आरपार ओढता येई. एवढी तलमता माझे ध्येय नव्हते. शंभर ग्रॅममध्ये साडेसातशे मीटर भरेल असे दुपदरी, म्हणजे दोन एकेरी धागे एकत्र पिळलेले, सूत मला पुरेसे होते. आपल्या देशात राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने भारत मेरिनो ही जात तयार केली आहे, हे मला काम सुरू झाल्यावर वाचनात आले. पुढच्या वेळी ती लोकर मिळवण्याचा माझा मानस आहे.

पन्नास सेंटिमीटर रुंद आणि एकशे सत्तर सेंटिमीटर लांब शालीला सुमारे ६०० मीटर दुपदरी सूत लागेल, असा अंदाज मी छोटा नमुना विणून आणि तो वजन करून काढला. दुपदरी म्हटले की एकेरी सूत दुप्पट, म्हणजे १२०० मीटर आणि वर थोडे. आईने हा आकडा ऐकून लगेच तिच्या पद्धतीने हिशेब मांडला: चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, आणि ६४० तारांची एक गुंडी, म्हणजे माझे काम दीड गुंडीहून किंचित जास्त. तिच्या मापात तो आकडा एकदम आटोक्यातला वाटू लागला.

कताईसाठी मी सकाळची वेळ निवडली. दूध तापायला ठेवले की ते वर येईपर्यंत, डबे भरून झाल्यावर मुलगा तयार होईपर्यंत, पाण्याची टाकी भरेपर्यंत, अशा उभ्याउभ्या मिळणाऱ्या मिनिटांत टकळी फिरते आणि दोनचार हात सूत निघते. कताईचा मोठा गुण असा की ती कुठेही थांबवता येते. धागा टकळीवर गुंडाळला, वरच्या खाचेत अडकवला आणि टकळी खुंटीला लावली की पीळ जिथल्या तिथे राहतो. हात मात्र कोरडे आणि स्वच्छ हवेत, कारण हळदीचा एक डाग पांढऱ्या लोकरीतून निघत नाही. म्हणून फोडणीच्या वेळी टकळीला हात लावायचा नाही हा नियम मी शेवटपर्यंत पाळला.

सारखेपणासाठी दोन उपाय केले आणि दोन्ही मला फार मोलाचे वाटतात. पहिला उपाय नमुन्याच्या पुठ्ठ्याचा. नमुन्यासाठी कातलेल्या सुतापैकी एक एकेरी तुकडा आणि एक दुपदरी तुकडा मी जाड पुठ्ठ्याला गुंडाळून टकळीच्या पिशवीत ठेवला, आणि दर वेळी कताईला हात घातला की पहिले हातभर सूत त्या पुठ्ठ्याशेजारी धरून पाहिले. हाताला स्मरण असते हे खरे, परंतु ते थकव्याने आणि हवेने बदलते. पुण्याच्या कोरड्या थंडीत लोकरीत स्थिर वीज साठते, तंतू फुलून हाताला चिकटतात आणि सूत नकळत बारीक निघते, म्हणून बोटे किंचित ओलसर करून घ्यावी लागत. एप्रिलमध्ये हाताला घाम येतो, तंतू नीट सरकत नाहीत आणि सूत जाड होते. पुठ्ठा समोर असला की हा बदल डोळ्याला तत्काळ दिसतो.

दुसरा उपाय कुकड्यांच्या क्रमाचा. टकळी भरली की त्यावरची कुकडी, म्हणजे गुंडाळलेल्या सुताचा गुंडा, काढून मी तिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावत असे. दोन पदर एकत्र पिळताना लागोपाठच्या कुकड्या न घेता सुरुवातीची आणि शेवटची अशी जोडी लावली, मग दुसरी आणि शेवटून दुसरी. हिवाळ्यातला बारीक पदर आणि उन्हाळ्यातला किंचित जाड पदर एकमेकांना सांभाळून घेतात, आणि तयार दुपदरी सूत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखे दिसते. यात एक बारकावा लक्षात ठेवावा लागतो. बरेच दिवस गुंडाळून ठेवलेल्या कुकडीतला पीळ निजल्यासारखा होतो. सूत सैल सोडले तरी ते वळत नाही, आणि पीळ कमी पडला असे वाटून माणूस उलट दिशेचा पीळही कमी देतो. म्हणून जुन्या कुकडीचा वीतभर तुकडा पाण्यात बुडवून पाहावा. पाणी लागताच दडलेला पीळ जागा होतो आणि तो तुकडा दुमडून स्वतःभोवती जितका वळतो, तितका पीळ दुपदरी सुताला द्यायचा, हे माप खात्रीचे आहे. एकेरी सूत घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कातलेले असल्याने दोन पदर विरुद्ध दिशेने पिळायचे, मग लडी करून कोमट पाण्यात भिजवायची आणि वजन न लावता वाळत टाकायची. वाळलेली लडी हातात धरल्यावर सरळ लोंबली, स्वतःभोवती फिरली नाही, तर पीळ बरोबर आहे असे समजावे.

नक्षी निवडताना मी अनेक मोहक नमुने बाजूला ठेवले. ज्या नक्षीत प्रत्येक सुईवर, म्हणजे टाक्यांच्या प्रत्येक ओळीत, वेगळी मोजणी असते, ती दिवसभराच्या कामानंतर रात्री दहा वाजता विणता येत नाही. मी शेटलंडची जुनी, लाटांसारखी दिसणारी नक्षी घेतली. तिचा गट अठरा टाक्यांचा आणि चार सुयांचा असतो. पहिली सुई पूर्ण सुलट, दुसरी पूर्ण उलट, चौथी पुन्हा सुलट, आणि फक्त तिसऱ्या सुईत नक्षी: तीन वेळा दोन-दोन टाके एकत्र, मग सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, आणि शेवटी पुन्हा तीन वेळा दोन-दोन एकत्र. एकत्र केल्याने सहा टाके कमी होतात आणि धागा पुढे घेतल्याने सहा वाढतात, म्हणून गट अठराचा अठराच राहतो. असे पाच गट आणि दोन्ही कडांना तीन-तीन सुलट टाके मिळून ९६ टाके झाले. सुमारे साडेचारशे सुयांच्या शालीत सव्वाशेपेक्षाही कमी सुयांना पूर्ण लक्ष द्यावे लागणार होते, आणि हेच या नक्षीचे खरे वैभव आहे.

त्यानुसार वेळेचीही वाटणी झाली. साध्या तीन सुया मी बसमध्ये, सासऱ्यांच्या व्यायामाच्या वेळी बाहेरच्या बाकावर आणि मुलाच्या अभ्यासाजवळ बसून विणल्या. तिसरी सुई फक्त घरी, टेबलाशी, चांगल्या उजेडात. ती सुरू करायची तर पूर्ण होईल एवढी सवड हाताशी हवी, आणि ती पूर्ण झाल्यावर प्रत्येक गट मोजल्याशिवाय सुया खाली ठेवायच्या नाहीत. मोजणी सोपी व्हावी म्हणून दर अठरा टाक्यांनंतर सुईवर रंगीत दोऱ्याची कडी अडकवली होती. शिवाय ठरावीक गटांनंतर साध्या सुईत सगळ्या टाक्यांमधून शिवणाचा एक वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवत असे. जाळीत सुटलेला टाका धागा पुढे घेतलेल्या जागेपाशी पोचला की पुन्हा पकडणे अवघड असते, परंतु खाली हा आधाराचा दोरा असेल तर विणकाम तिथपर्यंत निर्धास्त उसवता येते. पांढऱ्या सुतासाठी मी गडद रंगाच्या लाकडी सुया घेतल्या. रात्रीच्या दिव्यात टाके स्पष्ट दिसतात आणि लाकडावरून ते घसरतही नाहीत.

ही नक्षी जिथे टाके घातलेले असतात त्या कडेला सुंदर लाटा देते, तर टाके बंद केलेल्या कडेला तितक्या ठळक लाटा येत नाहीत. दोन्ही टोके सारखी हवीत म्हणून मी शाल दोन अर्ध्या भागांत विणली. दोन्ही भाग टोकापासून मध्याकडे, सूत वजनाने समान वाटून घेऊन. पिशवीत अर्धाच भाग न्यावा लागतो, हा त्याचा दुसरा फायदा. शेवटी मध्यभागी ९६ उघडे टाके समोरच्या ९६ टाक्यांना शिवणाच्या बोथट सुईने एकेक करून जोडायचे असतात, आणि हे काम मात्र तुकड्यांत होत नाही. धाग्याचा ताण एका बैठकीत एकसारखा राहतो, मध्ये उठले की तिथे रेघ उमटते. या एका कामासाठी मी घरच्यांकडे रविवारची सकाळ मागून घेतली. सगळ्यांनी ती आनंदाने दिली आणि मुलाने फोडणीचे पोहे करून स्वयंपाकघर सांभाळले.

सुयांवरून उतरलेली जाळी चुरगळलेली आणि आखूड दिसते, त्याने निराश होऊ नये. रिठ्याच्या कोमट पाण्यात शाल न चोळता भिजवली, त्याच तापमानाच्या पाण्यातून काढली, कारण तापमानातला अचानक बदल आणि घासणे यांनी लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात व कापड नमद्यासारखे, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या जाड कापडासारखे, घट्ट होते. मग टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपले आणि गादीवर चादर पसरून न गंजणाऱ्या टाचण्यांनी शाल ताणून लावली. प्रत्येक लाटेच्या टोकाला एक टाचणी. छिद्रे उघडली, लाटा सुटल्या. वाळल्यावर टाचण्या काढल्या, तेव्हा शाल लांबीला एकशे अडुसष्ट सेंटिमीटर आणि रुंदीला बरोबर पन्नास भरली, वजन ऐंशी ग्रॅमच्या आत.

शाल आईकडे आहे. तिने ती जुन्या मऊ सुती लुगड्यात गुंडाळून, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची वाळलेली पाने घालून ठेवली आहे, आणि घडी एकाच रेषेवर मोडू नये यासाठी दर महिन्याला ती वेगळ्या ठिकाणी घालते. उरलेल्या लोकरीची पुढची कुकडी सध्या टकळीवर आहे.