आघाडीत घटकपक्षाचं वजन कुठे पडतं?

२०२४ च्या लोकसभा निकालानंतर पुण्यात चर्चा रंगली ती इथले खासदार मुरलीधर मोहोळांना कोणतं खातं मिळालं याची. सहकार आणि नागरी विमान वाहतुकीचं राज्यमंत्रिपद साखर कारखान्यांच्या या जिल्ह्याला महत्त्वाचं आहेच. पण आघाडीचं राजकारण खातेवाटपापाशी थांबत नाही.

आधी आकडे बघा. ५४३ जागांत बहुमत २७२ चं. भाजप २४०, तेलुगू देसम १६, जनता दल (संयुक्त) १२. हे तिघे मिळूनही २६८च होतात, म्हणजे छोट्या पक्षांचीही गरज लागतेच. शिवाय २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनुसार मंत्रिमंडळ लोकसभेच्या १५ टक्क्यांपेक्षा मोठं करता येत नाही. म्हणजे पंतप्रधानांसह कमाल ८१. मंत्रिपदं वाटून सगळ्यांना खूश ठेवायला मर्यादा आहे.

खरा दबाव धोरणावर येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारमधल्या ४५ पदांच्या लॅटरल एंट्रीची, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांच्या थेट भरतीची, जाहिरात निघाली, त्यात आरक्षण नव्हतं. विरोधकांसोबत घटकपक्षाचे नेते चिराग पासवान यांनीही हरकत घेतली आणि तीन दिवसांत जाहिरात मागे घेतली गेली. वक्फ विधेयक मात्र संयुक्त समितीकडे जाऊन आलं आणि एप्रिल २०२५ मध्ये लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ मतांनी मंजूर झालं. घटकपक्ष सोबतच राहिले.

माझ्या मते, किमान समान कार्यक्रम, म्हणजे घटकपक्षांनी मिळून ठरवलेली धोरणं, लेखी असायलाच हवा. २००४ मध्ये काँग्रेसप्रणीत आघाडीकडे तो होता, म्हणूनच २००८ मध्ये अमेरिकेसोबतच्या अणुकरारावर डाव्यांनी पाठिंबा काढला तेव्हा नेमकं कशावरून बिनसलं हे मतदाराला तपासता आलं.