लायब्ररीच्या कार्डावर खुरपी

मी नागपूरच्या एका कॉलेजात लायब्ररी अटेंडंट आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, नोकरी अजून १४ वर्षं करायची आहे. शेतीशी माझा संबंध म्हणाल तर आजोबांची काटोलकडे संत्र्याची बाग होती, ती विकून बाबा शहरात आले आणि मी लहानपणापासून सिमेंटवरच. तरी आज कॉलेजच्या सामूहिक बागेची चावी, नळ, खुरप्या आणि भांडणं, सगळं माझ्याकडे आहे. दुसऱ्या कॉलेजातले दोघं-तिघं येऊन विचारून गेले की आमच्याकडे पण करायचं आहे, काय काय लागते, आणि मी बियाण्याच्या आधी रजिस्टरचं सांगायला लागलो की त्यांना वाटते हा गंमत करून राहिला.

जागा म्हणजे लायब्ररीच्या मागं, सायकल स्टँड आणि बॉईज होस्टेलच्या भिंतीच्या मधात, साधारण ४० बाय २५ फूट. गाजर गवत, नवीन बिल्डिंगच्या वेळचा मलबा, फुटक्या टाइल्स, आणि नागपुरातल्या कोणत्याही ऑफिसच्या मागं असते तसं जुन्या कूलरचं भंगार. २०२३ च्या मे मध्ये बॉटनीच्या मॅडम आणि चार पोट्ट्या अर्ज घेऊन आल्या, इथे भाजीची बाग करू, सगळ्यांची मिळून. अर्ज तीन आठवडे विचाराधीन राहिला. मग ऑफिसातल्या एका जुन्या क्लार्कने सांगितलं, मॅडम, विषयात "नॅक क्रायटेरिया ७" टाका. नॅक म्हणजे कॉलेजला ग्रेड देणारी संस्था, तिच्या सातव्या निकषात पर्यावरणाची कामं धरायचे. टाकलं, तिसऱ्या दिवशी सही. एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजना) पोरांना वर्षाचे १२० तास भरायचेच असतात, त्यामुळे हातही मिळाले. मी फक्त नळाची चावी माझ्या ड्रॉवरमध्ये असते म्हणून यात आलो, खरं सांगायचं तर.

पहिला धक्का मातीचा. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात फाटते हे सगळ्यांनाच माहीत आहे, पण मी काउंटरवरची १५ सेंटीमीटरची स्केल एका भेगेत उभी घातली तर पूर्ण आत गेली आणि काढता काढता तुटली. जूनमध्ये पाऊस पडला आणि तीच माती फुगून भेगा बंद, वर असा चिखल की चपलेला एक-एक किलो चिकटून यायची, पोट्टे नाचल्यासारखे पाय झटकून राहिले होते. एनएसएसचं ठरलं होतं दर शनिवारी श्रमदान. पहिल्या शनिवारी पाऊस होऊन गेलेला, ३० पोरं पावडे घेऊन उतरली, फोटो काढले, आणि त्या दिवशी जे खोदलं त्याची पुढच्या आठवड्यात वीट झाली. ढेकळं इतकी कडक की कुदळ उडून यायची.

आमच्याकडे कंत्राटावर एक माळी काका येतात, उमरेडकडचे, ते लांबून बघत होते. म्हणे, "वाफसा नाई आला अन् कायले हात लावला जी?" हा शब्द मी आजोबांकडून ऐकला होता, अर्थ तेव्हा समजला, माती ना फार ओली ना फार कोरडी, हात लावायजोगी. काकांनी मूठभर माती घेतली, दाबून लाडू केला आणि कमरेच्या उंचीवरून सोडला. लाडू फुटून भुगा झाला तर वाफसा, तसाच चपटा बसला तर माती अजून ओली, आणि लाडू होतच नसेल तर उशीर झाला. बस, इतकंच. पण हा वाफसा काही टाइमटेबल बघून येत नाही ना, कधी मंगळवारी सकाळी यायचा जेव्हा सगळ्यांचे प्रॅक्टिकल, आणि शनिवारी पोरं मोकळी तर पुन्हा चिखल. शेवटी श्रमदानाचा शनिवार काढून टाकला आणि मी लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर सकाळी साडेनऊला लाडू पाडून लिहायला लागलो, "आज वाफसा आहे" किंवा "नाही". कॉमर्सची पोरं वाचून हसायची, पण ज्याला ज्या तासाला सुट्टी तो येऊन जायचा. वाफे चार फूट रुंद, दहा फूट लांब, असे १४ पाडले. चार फूट यासाठी की दोन्ही बाजूंनी मधापर्यंत हात पोचला पाहिजे, वाफ्यात पाय ठेवायचाच नाही, ओल्या काळ्या मातीवर एकदा पाय दाबला की तिथे पुढे काही होत नाही.

भेंडी, चवळी, गवार मस्त आली. वांगी-टमाटरची रोपं पण ऑगस्टमध्ये लावली, आणि मग आला २३ सप्टेंबर. नागपूरवाल्यांना वेगळं सांगायला नको, त्या रात्री चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या घरात. लोकांचे संसार वाहून गेले तिथे आमच्या बागेचं काय रडायचं, पण आमचे वाफे जमिनीच्या लेव्हलला होते आणि तीन दिवस पाणी निघालंच नाही. चौथ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि वांगी उभी वाळली. पायाशी पाणी आणि वर पानं माना टाकून! फर्स्ट इयरचा एक पोरगा म्हणे, "सर, पाणी घालू का अजून?" मॅडमनी एक रोप उपटून दाखवलं, मुळं काळी आणि वास मारणारी. मातीतली हवाच संपली होती, मुळं गुदमरली की पाणी असून वर चढत नाही.

त्यानंतर सगळे वाफे उचलले, नऊ इंच उंच गादीवाफे केले आणि मधात चर काढला तो थेट नालीपर्यंत. आणि ते कूलरचं भंगार कामी आलं. जुन्या कूलरचे गंजलेले टब असतात ना खालचे, ते बुडाला भोकं पाडून रांगेत ठेवले. मेथीसाठी यापेक्षा चांगलं भांडं मला तरी माहीत नाही, उथळ, रुंद, आणि फुकट.

खताचं म्हणाल तर सुरुवातीला एक ट्रॉली शेणखत, नंतर होस्टेल मेसची सालं आणि देठं. यात एक महिना पूर्ण वाया गेला कारण मेसवाला उरलेला भात आणि तर्री पण ओतून जायचा, मग उंदीर आले, डुकरं आली, आणि वास लायब्ररीच्या रीडिंग हॉलमध्ये. आता नियम असा की शिजलेलं काही नाही, एक बादली ओल्याला दोन बादल्या वाळला पालापाचोळा. कडुनिंबाचा पाला आधी सफाईवाले रोज सकाळी जाळायचे, तो आता आमच्याकडे येतो. तीन महिन्यांत काळं भुसभुशीत खत होते, जंगलातल्या पावसासारखा वास येतो त्याला.

आता खुरप्यांचं. सहा खुरप्या, दोन पावडे, एक कुदळ, दोन झाऱ्या एवढं सामान घेतलं होतं आणि दिवाळीपर्यंत खुरप्या दोन राहिल्या. चोरी नाही हो, कोणी वाफ्यातच सोडली, कोणी होस्टेलवर नेली, विचारलं तर प्रत्येकजण म्हणे मी तर ठेवली होती. तेव्हा मला सुचलं ते हेच, आपल्याला जे येते ते करा. जुनं अ‍ॅक्सेशन रजिस्टर (आलेल्या पुस्तकाला नंबर देऊन नोंदवायचं) पडलं होतं, त्यात खुरप्यांना नंबर दिले, दांड्यावर पुस्तकाच्या स्पाइनला लावतो तसं लेबल, वरून सेलोटेप. लायब्ररी कार्ड जमा करा, खुरपी न्या, संध्याकाळी पाचच्या आत परत. पुस्तकाला दिवसाला एक रुपया फाइन, खुरपीला पाच. एका सरांना हे फार लागलं, प्रोफेसरने अटेंडंटजवळ कार्ड ठेवायचं का म्हणून. ठेवलं शेवटी, त्यांचा पालक चांगला आला होता.

मग तसंच पाण्याचं पण लिहिणं सुरू केलं. आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चालायचं, ग्रुपमध्ये ४३ जण, कोणी विचारलं आज पाणी कोणी घातलं की तीन जण अंगठा टाकायचे आणि माती कोरडी. आता नळाची चावी घेताना सही, वाफ्याचा नंबर, वेळ. चावी घेऊन पाणी न घालता जाणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

हिवाळा म्हणजे आमच्याकडे खरी भाजीची मजा. नोव्हेंबरमध्ये मेथी, पालक, मुळा आणि सांबार (पुण्याकडचे कोथिंबीर म्हणतात तो). सांबाराचे धने अख्खे पेरले तर पंधरा दिवस काहीच दिसत नव्हतं, काका म्हणे चपलेखाली रगडून दोन फोडी करा, मग रात्रभर भिजवून पेरला तेव्हा आठ-दहा दिवसांत हिरवं दिसलं. मेथी महिन्याभरात काढायला आली. आणि एका सकाळी सांबाराचा पूर्ण वाफा साफ! मुळापासून! ज्या पोट्टीचा वाफा होता ती रडलीच. नंतर कळलं की कोणाच्या तरी घरी सांबारवडीचा बेत होता, कोणाच्या ते मला माहीत आहे आणि मी लिहिणार नाही. सीसीटीव्ही लावा, कुलूप लावा, खूप चर्चा झाली. काकांनी वेगळंच केलं, फाटकाजवळचे दोन वाफे कोणालाच दिले नाही, तिथे सांबार आणि पुदिना लावून पाटी लावली, "येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी, मुळासकट उपटू नये." तेव्हापासून आतल्या वाफ्यांना हात लागला नाही, एखाद-दोन टमाटर सोडले तर.

सगळ्यात जास्त मार खाल्ला तो २०२४ च्या उन्हाळ्यात. परीक्षा संपल्या, पोरं गावाला, मास्तर लोकं व्हेकेशनवर, आणि आमच्या नॉन-टीचिंगला व्हेकेशन नसते त्यामुळे बागेत मी, चौकीदार आणि ४३ जणांचा ग्रुप. भेंडी, काकडी, वांगी सगळं उभं. हिरवी जाळी बांधली, सकाळी सहाला पाणी, संध्याकाळी पाणी, बोअर पण आटत आलेली. त्याच मे च्या शेवटी इथल्या एका ऑटोमॅटिक सेंसरने ५६ डिग्री दाखवले होते, देशभर बातमी झाली, नंतर हवामान खातं म्हणे सेंसरच बिघडला होता. आम्हाला तर ५६ खरंच वाटले होते. मी रविवारी पण सायकल काढून यायचो, बायको म्हणे, तिकडेच खाट टाका. नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापाचे नऊ दिवस) लागला आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं, पानं हातात घेतली तर पापडासारखी मोडायची.

काका सुट्टीवरून आले, बघितलं, आणि त्यांना काही फार वाईट वाटलेलं दिसलं नाही याचाच मला राग आला. म्हणे, "मे महिन्यात कोण लावते बाप्पा? शेतकरी बी लावत नाई पाण्याबिगर. उकरून टाका अन् तपू द्या." मग समजलं की आम्ही कॉलेजच्या बागेला वर्षभर हिरवी ठेवायला निघालो होतो, पाहुण्यांना दाखवायला, फोटोला. उन्हात माती उलटी करून टाकली की आतले किड्यांचे कोष आणि तणाची मुळं मरतात, ते पण कामच आहे. २०२५ पासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाग बंद, वाफे उकरून मोकळे, नळाला कुलूप आणि रजिस्टरमध्ये लाल रेघ. व्हेकेशन रोस्टर नावाचं प्रकरणच संपलं. जूनमध्ये कॅम्पसमधल्या कडुनिंबाखाली निंबोळ्या वेचायच्या, सावलीत वाळवून ठेवायच्या. अर्धा किलो भुकटी दहा लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी गाळून थोडं साबणाचं पाणी टाकून फवारायचं. माव्याला (पानाचा रस चोखणारे बारीक किडे) चालते, वांग्याच्या शेंडे पोखरणाऱ्या अळीला फार चालत नाही, ते शेंडे हातानेच खुडून टाकावे लागतात. निंबोळ्यांचं पोतं मी जुन्या मासिकांच्या खोलीत ठेवतो, त्या वासाची लेखी तक्रार आलेली आहे, फाइलला लावली.

परवा फायनल इयरचा एक पोरगा नो ड्यूजवर सही घ्यायला आला. पुस्तकं सगळी जमा, मी रजिस्टर उघडलं, खुरपी नंबर ४ त्याच्या नावावर, ११ दिवस. म्हणे, "सर, खुरपीसाठी नो ड्यूज अडवता का?" मी म्हणलं, हो. अर्ध्या तासाने घेऊन आला. पातं तेलाने काळं झालेलं, लेबल अर्धं जळलेलं. होस्टेलवर इंडक्शन लपवून ठेवलं होतं आणि उलथनं नव्हतं, म्हणून पोट्टे तिच्यावर ऑमलेट पलटून राहिले होते. ५५ रुपये फाइन घेतला, नवीन लेबल लावलं, आणि त्याच्या वाफ्यातली अर्धी मेथी काढायची राहिली होती ती पण त्याच खुरपीने काढून न्यायला लावली.