तुम्ही विचारलंत म्हणून: चौघांना एवढी लांब गाडी कशाला?

गणपतीच्या आरतीनंतर दारातल्या ढिगातून चपला शोधताना हा प्रश्न येतो. मुलीच्या सॉकरच्या मैदानाबाहेर येतो. परवा तर दातांच्या डॉक्टरकडे थांबले होते, तिथेही आला. "तुम्ही चौघंच ना? मग आखूड सोडून लांब का घेतलीत?" त्याच्याच पाठीला पाठ लावून दुसरा प्रश्न असतो, "आम्ही कुठली घेऊ?" मी दरवेळी काहीतरी अर्धवट सांगून सुटते. या खेपेला पूर्ण सांगते.

आखूड-लांब हे आमच्या घरातले शब्द. डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या कुणालाही या जोड्या समजावून सांगायला नकोत. तीन रांगांच्या मोठ्या एसयूव्ही, आधी आखूड मग लांब: टाहो आणि सबर्बन, युकॉन आणि युकॉन एक्सएल, एक्स्पिडिशन आणि एक्स्पिडिशन मॅक्स. तोंडवळा तोच, इंजिन तेच, फक्त मागच्या बाजूला फूट-सव्वा फूट जास्त आणि किमतीत साधारण तीन हजार डॉलरचा फरक. आमच्याकडे आधी आखूड होती, आता लांब आहे. कोणत्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही, कारण मला जे सांगायचंय त्यात दोष गाडीचा नाही. मी तिच्यात कुणाला कुठे बसवलं त्याचा आहे.

2017 साली आखूड घेतली तेव्हा मी वहीत दोन रकाने पाडले होते. ती वही अजून आहे. तिच्यातली मी फार हुशार होते. लिहिलं होतं: आई-बाबा तीन वर्षांतून एकदा येणार, एरवी आपण चौघं. गॅरेज 20 फूट खोल, लांब गाडी जवळपास 19 फूट, म्हणजे पुढे शेल्फ ठेवता येणार नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये शेपूट बाहेर राहणार. सगळं बरोबर होतं, आजही त्यातला एक मुद्दा मला खोडता येत नाही. फक्त एक आकडा मी ब्रोशरमध्ये पाहिला होता आणि वहीत उतरवला नव्हता. त्या पिढीच्या आखूड गाड्यांत तिसऱ्या रांगेची जागा किती तुटपुंजी असायची, ते आकड्यांतच सांगते. 2015 ते 2020 च्या टाहोत तिसऱ्या रांगेत पायांसाठी 24.8 इंच होते, त्याच काळातल्या सबर्बनमध्ये 34.5. तिसरी रांग उभी ठेवली तर मागे सामानाला टाहोत 15.3 घनफूट, सबर्बनमध्ये 39.3. विमानात चेक-इन करतो ती मोठी बॅग साधारण साडेचार घनफुटांची असते. आता तुम्हीच भागाकार करा.

2018 च्या मे महिन्यात आई-बाबा आले. जूनमध्ये ग्रँड कॅन्यनला जायचं ठरलं. हे ठिकाण आईचं होतं. तिने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 'नदीचे कार्य' हा धडा आला की ती तपकिरी खडूने फळाभर घळई काढायची, तळाशी निळ्या खडूची एक बारीक रेघ, आणि म्हणायची, "ही कोलोरॅडो. हिला घाई नव्हती." मी तिच्याच शाळेत होते, ते चित्र मी तीन वर्षं पाहिलंय. 446 किलोमीटर लांबी, दीडएक किलोमीटर खोली, हे आकडे आमच्या अख्ख्या वर्गाला पाठ होते.

पहाटे चारला सामान भरायला घेतलं. सहा माणसं, पाच दिवस. बाबांची घडीची व्हीलचेअर, कपड्यांच्या बॅगा, कूलर, राइस कुकर, आईने दोन दिवस खपून केलेले मेथीचे ठेपले आणि दशम्या, पांघरुणं. डिकी भरली आणि बॅगा उरल्या. रूफ बॉक्स लावा असं नवरा महिनाभर म्हणत होता. तो लावला की गाडी सात फुटी गॅरेजच्या दारातून आत जात नाही, दरवेळी काढावा लागतो, म्हणून मी नको म्हटलं होतं. मग उरलेल्या दोन बॅगा तिसऱ्या रांगेत पायांशी गेल्या आणि कूलर मधल्या दोन सीटांच्या फटीत बसला. मधल्या रांगेत एका बाजूला पाच वर्षांच्या मुलीची कार सीट पट्ट्यांनी बांधलेली, दुसऱ्या बाजूला बाबा, कारण त्यांना चढ-उतार सोपी हवी. मागे मुलगा आणि आणखी एक जण.

"मी बसते मागे," आई म्हणाली. "मी एवढीशी तर आहे, मला किती जागा लागणार?"

इथे थांबून मला एक कबूल करायचंय, कारण ते मी कधीच कुणाला सांगितलेलं नाही. मला बरं वाटलं. पहाटेचे पाच वाजले होते, अल्बुकर्कीच्या हॉटेलचे पैसे भरले होते, आणि प्रश्न सुटला होता. मी पाच फूट पाच इंच. मागे बसले असते तर गुडघे हनुवटीला लागले असते, हे मला माहीत होतं. त्या रांगेत जमीन वर आणि सीट खाली असते, त्यामुळे बुटक्या माणसाचेही गुडघे वरच येतात, हेही माहीत होतं. शिवाय खाली बॅगा होत्या. तरी मी तिला हो म्हटलं, तिच्या मांडीवर ठेपल्यांची पिशवी ठेवली आणि दार लावलं.

विचिटा फॉल्स गेलं, अमारिलो गेलं. दर दोन तासांनी आम्ही विचारायचो, "आई, थांबायचं का?" ती म्हणायची, "नको, चाललंय तसं चालू द्या." अमारिलोला सगळे उतरून चहा प्यायलो, ती गाडीतच बसून राहिली, चहा नको म्हणाली. माझी आई. चहाला नाही म्हणणारी माझी आई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि तरी मला काही कळलं नाही. रात्री अल्बुकर्कीला तिची पाण्याची बाटली हातात घेतली तर सील तसंच होतं. दहा तास. कारण तिला बाहेर काढायचं तर आधी बाबांनी उतरायचं, त्यांची सीट पुढे पाडायची, पायातली बॅग ओढून काढायची, मग तिने बाबांच्या बाजूने वाकून बाहेर यायचं. एवढ्या सगळ्यांना उठवायला नको म्हणून ती पाणीच प्यायली नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्या दिवशी तरी जागा बदलायची. मीही तेच म्हणाले. ती ऐकेना. "आज सहाच तास आहेत." आणि मी पुन्हा ऐकलं.

साउथ रिमला, म्हणजे घळईच्या दक्षिण कड्याला, पोचलो तेव्हा सकाळ उलटून गेली होती, जवळचं पार्किंग भरलेलं. गाडी दूरवर लावली. बाबा उतरले, सीट पाडली, बॅग काढली. आईने डावा पाय बाहेर टाकला आणि तो गुडघ्यातून सरळच होईना. दोघांनी धरून खाली घेतलं. घोट्यांवर मोज्यांच्या इलॅस्टिकची खोल वळं उमटली होती, पाऊल सपातीतून फुगून वर आलेलं. दोन पावलं टाकली, दाराला धरलं आणि पायपट्टीवर बसली. व्हीलचेअर काढू म्हटलं तर म्हणाली, "ती ह्यांना लागेल, त्यांना न्या. तुम्ही जाऊन या. मला पाठच आहे ते."

कड्यापर्यंत जाऊन मी काय पाहिलं ते मला आठवत नाही. मुलाने व्हिडिओ काढला. दहा मिनिटांत परत आले तर ती तशीच बसली होती, झाडांच्या बाजूला तोंड करून. कडा तिच्या पाठीमागे होता.

दुसऱ्या दिवशी गुडघा आणखी सुजला. फ्लॅगस्टाफला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी आराम सांगितला, आम्ही परत फिरलो. येताना ती पुढच्या सीटवर, पाय लांब करून, आणि सहा फुटी नवरा मागे. आदल्या रात्री हॉटेलात तिने मुलाचा फोन मागून घेतला होता. व्हिडिओ थांबवत थांबवत ती त्याला थर दाखवत होती. "हा वरचा चुनखडीचा. आणि अगदी खाली, दिसत नाही इथे, तो विष्णू. विष्णू शिस्टच म्हणतात त्याला, खरंच." बोटाने पडद्यावरचा तळ दाखवला आणि बोट तिथेच ठेवलं. ऑक्टोबरमध्ये ते दोघं सांगलीला परत गेले.

2021 मध्ये आम्ही लांब घेतली. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर हे आहे आणि ते आरतीनंतर चपला शोधताना सांगता येत नाही. चौघांसाठी घेतलीच नाही मी ती.

आता तुमचे आक्षेप. मला ते सगळे ठाऊक आहेत, कारण रात्री दोन वाजता मीच ते स्वतःला घालते.

मिनीव्हॅन का नाही? याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. सिएनात आणि ओडिसीत तिसऱ्या रांगेमागे तीस घनफुटांहून जास्त जागा आहे, जमीन खाली आहे, सरकती दारं आहेत, म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा सोयीची गाडी नाही. नवरा म्हणतो, आपण कॅम्पिंगचा ट्रेलर ओढतो आणि त्या दोन्हींची मर्यादा 3500 पौंडांची आहे. खरंय. पण ट्रेलर वर्षातून दोनदा निघतो. मला उंचावर बसून गाडी चालवायला आवडतं, हे त्याच्याहून जास्त खरं आहे. त्याची किंमतही मोजते. उंच बॉनेटपुढचं लहान मूल सीटवरून दिसत नाही, म्हणून मी रोज गाडीला पूर्ण फेरी मारून मगच चढते.

2021 ची आखूड का नाही? हा आक्षेप मला सगळ्यात टोचतो. त्या वर्षी टाहो-सबर्बनच्या मागच्या चाकांमधला सलग कणा जाऊन स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामुळे जमीन खाली गेली. एक्स्पिडिशनने हे 2003 पासूनच केलेलं होतं. नव्या टाहोच्या तिसऱ्या रांगेत पायांना 34.9 इंच मिळाले, म्हणजे जुन्या सबर्बनपेक्षा किंचित जास्तच. पायांचा प्रश्न आखूड गाडीनेही सोडवला होता. राहिला सामानाचा: टाहोत 25.5 घनफूट, सबर्बनमध्ये 41.5. तेव्हा तुम्ही आज विचारत असाल, तर निम्म्याहून जास्त घरांना मी आखूडच सांगते आणि मनापासून सांगते. मी स्वतः शोरूममध्ये दोन्हींच्या मागच्या रांगेत बसले, आखूडमध्ये व्यवस्थित बसता आलं, आणि तरी लांब गाडीवर सही केली. माझ्या पायांशी बॅग नको होती. कुणाच्याच पायांशी बॅग नको होती.

आणि गुडघा? सांगलीच्या डॉक्टरांनी नंतर स्पष्ट सांगितलं की झीज आधीचीच होती, इतके तास कुठेही बसली असती तरी त्रास झालाच असता. वहीतली ती हुशार बाई हे वाक्य माझ्यासमोर धरून उभी असते. मी तिला म्हणते, पाण्याची बाटली तर उघडली असती. यावर तिच्याकडे उत्तर नसतं, पण तेवढ्याने मी जिंकत नाही.

गॅरेजमध्ये छतापासून टेनिस बॉल दोरीने टांगलाय. तो काचेला टेकला की थांबायचं, पुढे-मागे मिळून चौदा-पंधरा इंच उरतात. त्यासाठी शेल्फ काढलं, जुना फ्रीझर देऊन टाकला. गाडी आली त्या आठवड्यात आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तिने सगळ्यात आधी विचारलं, "मागे दाखव." मी आत शिरून तिसऱ्या रांगेत बसले, फोन मुलीच्या हातात दिला आणि पाय पसरले. "अजून पसर," ती म्हणाली. मी पसरले. "वा, छान आहे गं."

त्या वर्षअखेरीला तिचा गुडघा बदलला. चालते छान. पण विमानाचं नाव काढलं की म्हणते, आता नको गं एवढा प्रवास, ह्यांनाही झेपत नाही, तुम्हीच या. आम्हीच जातो. त्या गाडीत ती एकदाही बसलेली नाही.

मुलगा या ऑगस्टमध्ये कॉलेजला जाईल, घरात तिघं उरू. गेल्या महिन्यात नवरा म्हणाला, ही विकून आखूड घेऊ या, हिशोब तर तसाच सांगतो. मी वही काढली, नवीन पान उघडलं, दोन रकाने पाडले. पहिल्यात पाच मुद्दे लिहून झालेत, दुसरा रिकामा आहे. रोजच्या सोयीसाठी तिसरी रांग पाडून ठेवावी, किराणा सहज मावतो, असंही तो म्हणतो. तो बाजारात जाताना पाडतो. मी परत आल्यावर बटण दाबून ती उभी करते.