पिंजरा नंतर, कागद आधी

नागपुरात मॉनिटर, म्हणजे घोरपडीच्या कुळातला सरडा, पाळायचा विषय काढला की कोणीतरी हळूच म्हणतं, "घोरपड आणून देऊ का?" सरळ नाही म्हणा. आपली घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ती पकडणं, विकणं, घरात ठेवणं, सगळाच गुन्हा. मला ऑस्ट्रेलियातली ॲकी ही छोटी मॉनिटर हवी होती. सव्हाना मॉनिटर पिल्लू असताना गोंडस दिसतो, पण वाढून तीन-चार फुटांचा होतो. ॲकी शेपटीसकट दोन फुटांच्या आसपास थांबते.

अडलं ते विक्रेत्यापाशी. माणूस दुसऱ्या शहरातला. फोटो लगेच आले, व्हिडिओ आला, खाते क्रमांक तर न मागता आला. कागद मागितले की, "ताई, पावती देतो ना." पावतीवर काय, तर 'विदेशी सरडा, एक नग'. काय करायचं तिचं? सगळे मॉनिटर साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांसाठी आपल्या कायद्यात चौथी अनुसूची आली, आणि २०२४च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करावा लागतो. मला विक्रेत्याच्या नावावरची नोंदणी हवी होती, त्यावर शास्त्रीय नाव, आणि जनावर मला दिल्याचं लेखी. "आजवर कुणी मागितलं नाही," तो म्हणाला. मग कागद सीएकडे होते, मग भाऊ गावाला गेला होता, मग फोनच उचलेना. मध्येच, "आगाऊ रक्कम टाका, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." म्हटलं, त्याला द्या. राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक आपल्याच शहरात बसतात, आणि मी इथे बिनकागदाचं जनावर बाळगू? शेवटी नोंदणी आली, त्यावर 'वरानस अकँथुरस' स्वच्छ लिहिलेलं. पैसे त्यानंतरच पाठवले. राग अजून जात नाही, कारण कागद पहिल्यापासून त्याच्याकडे होते!

माझा अर्ज पुढे सुरळीत गेला. आणायला स्वतः जा, जिवंत जनावर पार्सलने मागवू नका.

ॲकीचं घर त्या वाट बघण्यातच तयार झालं. लकडगंजातलं प्लाय, चार बाय दोन बाय दोन फुटांची पेटी, आत फूटभर माती-वाळू, किंचित ओली करून दाबलेली, म्हणजे बीळ ढासळत नाही. माशांची काचेची टाकी नको, वरून उघडी असल्याने ओल टिकत नाही. दिव्याखालचा दगड ६० अंशांच्या आसपास तापला पाहिजे. आकडा ऐकून घाबरू नका, ॲकीला तेवढंच लागतं. दुसरं टोक मात्र तिशीच्या आत हवं, आणि आपला मे महिना तिथेच आडवा येतो. बाहेर ४५ असताना ते टोक थंड राहत नाही. मी त्या खोलीत एसी लावला, पेटी घेण्याआधी हा खर्च धरून ठेवा. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा दिवा वेगळा लागतो, हे राहिलंच सांगायचं.

खायला रातकिडे आणि पाळीव झुरळं, कॅल्शियम पावडर लावून. घरातली झुरळं पकडून घालू नका, त्यांच्या अंगावर फवारणीचं औषध असू शकतं.